तळणीची दोन मिनिटं : एका सावलीच्या वाटेवरच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. धामणगाव रेल्वे

सुरुवात वादातून झाली. अकरावीच्या ग्रुपवर कुणीतरी विजयदुर्गाचा फोटो टाकला, 'हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजी इथे लागला' असं लिहून, खाली तीन तिरंगे. मी लिहिलं, हे नीट नाही. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता. दुसरा शोधक, इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, तर भारतात नव्हताच. त्यानं सूर्याच्या उजेडातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहण वगैरे काही नसताना, इंग्लंडमधूनच पाहिली. विजयदुर्गावर तो आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावर दुर्बिणीसाठी बांधलेले 'सायबाचे ओटे' दाखवतात, त्यांचा साहेब हा.

यावर एका पोऱ्याचा मेसेज आला: "मंग कोकणाले ओटे भेटले. आपल्याले काय भेटलं सर?"

आपल्याला तळणी भेटली. धामणगाव आणि पुलगावच्या मधलं स्टेशन. एक्सप्रेस थांबत नाही, मोबाइलवरून मान वर केली तर पाटी वाचायच्या आत मागे जातं. त्याच ग्रहणासाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी याच तळणीला उतरली होती. वॉल्टर आणि ॲनी माँडर हे जोडपं, थ्वेट्स नावाचे एक गृहस्थ, आणि जॉन एव्हरशेड, वय ३३. पुढच्याच मोठ्या स्टेशनवर, पुलगावला, केंब्रिजचे न्यूऑल आणि लष्करातले कॅप्टन हिल्स. मध्ये वर्धा नदी. तेव्हा नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मध्य प्रांत.

मी बावीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आहे. हायड्रोजनच्या उजेडातल्या रेषांची बामर श्रेणी फळ्यावर किती वेळा काढली त्याला गणती नाही. त्या श्रेणीचा एक तुकडा याच एव्हरशेडनं पहिल्यांदा आपल्या तालुक्यात टिपला, हे मला वयाच्या ४८ व्या वर्षी कळलं. लाज वाटली आणि लगेच गाडीचा हिशेब मनात सुरू झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणला. एक टोक सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांच्या छावण्या होत्या. दुसरं टोक मध्य प्रदेशातल्या शहडोलला, तिथे खुद्द इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी. दोरा पुलगाव-तळणीच्या अंगावरूनच गेला, म्हणजे नकाशा बरा छापलाय. हिंगोली मागे टाकून तो दिग्रस, दारव्हा, नेर यांच्या आसपासनं तळणीकडे चढतो. चंद्राची सावली सत्तर-ऐंशी किलोमीटर रुंद होती, तेव्हा ही सगळी गावं तिच्या पोटात आली असणार.

ठरलं ते असं. एव्हरशेडचं आयुष्य इंग्लंडमधल्या सरे परगण्यात सुरू होऊन तिथेच संपलं, मध्ये नॉर्वे, तळणी, कोडाईकनाल, काश्मीर. एवढं फिरायला आमच्याकडे पैसे नाहीत. म्हणून त्याचं आयुष्य आपल्या रस्त्यावर अंथरायचं. दिग्रसला बालपण आणि हौस, दारव्ह्याला नॉर्वे, नेरला ॲनी माँडर, तळणीला तळणी, पुलगावला कोडाईकनाल. प्रत्येक ठिकाणी एक शाळा, एक तास, एक प्रयोग. सावली ज्या दिशेनं धावली त्याच दिशेनं आपणही जायचं, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. समृद्धी महामार्ग वापरायचा नाही. त्यावरून गेलं तर मध्ये गावच लागत नाही.

गाडी माझ्या मेकॅनिक मित्राची ओम्नी. त्याची एकच अट: "टायर मी टाकतो, भाषण तुमी टाका. मले सायन्स नका इचारू."

३० नोव्हेंबर, रविवार

एव्हरशेडवरचं टिपण पुरं केलं. जन्म २६ फेब्रुवारी १८६४, गॉमशॉल. हा माणूस कुठल्या वेधशाळेचा पगारी नोकर नव्हता. पोटासाठी लंडनमध्ये वेगळी नोकरी, आणि केनलीला घरच्या घरी सूर्य बघायची सोय. रॅनयार्ड नावाच्या एका ज्येष्ठ खगोलप्रेमीनं मरताना आपली अठरा इंची दुर्बीण याच्या नावे केली. म्हातारे लोक शेत, विहीर, बैलजोडी नावे करतात, यानं दुर्बीण केली. मला हा प्रसंग फार आवडतो, म्हणून दिग्रसला यावरच जास्त बोलणार.

९ ऑगस्ट १८९६ ला नॉर्वेतल्या वादसोला तो ग्रहण बघायला गेला आणि ढग आले. तेवढ्या लांब जाऊन काहीच दिसलं नाही. पण त्याच प्रवासात मेरी ऑर भेटली. दहा वर्षांनी लग्न झालं आणि १९०७ मध्ये दोघं कोडाईकनालला आले. मुलांना हे सांगावं की नाही? सांगावं. ढगातूनही काहीतरी निघतं म्हटल्यावर मागच्या बाकावरचेही ऐकतात.

वेळेचा घोळ मात्र आज सुटला. बारावीतली आमची एक विद्यार्थिनी आहे, तिला या वहीत 'गणितवाली' म्हणतो. तिनं हिशेब करून आणला: तळणीवर खग्रास अवस्था आजच्या घड्याळानं दुपारी सव्वा ते दीडच्या दरम्यान. मी म्हटलं, तेव्हा आपली प्रमाणवेळ नव्हतीच, ती १ जानेवारी १९०६ पासूनची. रेल्वे तेव्हा मद्रास टाइमवर चालायची, आपल्यापेक्षा नऊ मिनिटं मागे. ती म्हणाली, "मंग आपण एक पंचवीस धरू सर. त्यायच्या घड्याळात एक सोळा झाले असतीन." वहीत लिहून टाकलं: १:२५.

७ डिसेंबर, रविवार

प्रयोगाचं सामान. एव्हरशेडचं यंत्र म्हणजे 'प्रिझमॅटिक कॅमेरा', भिंगाच्या पुढे प्रिझम लावलेला कॅमेरा. वर्णपट बघायला आपण फट ठेवतो, त्यानं ती ठेवलीच नाही. कारण चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो त्या क्षणी कडेला वर्णमंडलाची, म्हणजे सूर्याच्या पृष्ठावरच्या पातळ थराची, नखाएवढी बारीक कोर उरते. ती कोर हीच फट. मग वर्णपटात सरळ रेषांऐवजी रंगीत कोरी दिसतात, हायड्रोजनची लाल कोर, निळी कोर, जांभळी कोर. दोन-तीन सेकंदांचा खेळ. याला फ्लॅश स्पेक्ट्रम म्हणतात.

हे ग्रहणाशिवाय दाखवायचं कसं? युक्ती सापडली. कोरी डीव्हीडी घ्यायची, कात्रीनं करंजीच्या आकाराचा तुकडा कापायचा, कडेत ब्लेड घालून दोन पापुद्रे सोडवायचे. एक चकचकीत निघतो, एक पारदर्शक. पारदर्शकावरचा जांभळा रंग स्पिरिटनं पुसला की हातात प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी आली. तिच्यावरच्या खाचा एकमेकींपासून ०.७४ मायक्रोमीटरवर, म्हणजे एका मिलिमीटरात साडेतेराशे. डोळ्यासमोर धरून सीएफएल दिव्याकडे पाहिलं की एकाच दिव्याचे तीन-चार दिवे शेजारीशेजारी उभे राहतात: एक हिरवा, एक निळा-जांभळा, एक लाल, प्रत्येक आपापल्या वेटोळ्यासकट. एव्हरशेडच्या फोटोच्या प्लेटवर कोरी दिसल्या त्या अशाच. एलईडीकडे पाहिलं तर नुसता रंगांचा फराटा येतो, आकार नाही.

अडचण एवढीच की सीएफएल आता कोणी विकत नाही. गावातल्या इलेक्ट्रिकच्या तीन दुकानांत विचारलं. एक जण हसला, "मास्तर, कंदील पाहिजे का? तोही नाही." शेवटी पानठेलेवाल्याकडे वरच्या फळीवर मिळाला, तंबाखूचा वास लागलेला, चालू. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण 'वापस पाहिजे' म्हणाला.

१४ डिसेंबर, रविवार

गणितवालीच्या आईकडे जाऊन आलो. प्रॅक्टिकल तोंडावर, त्यात चार दिवस फिरणं? आईचं म्हणणं चुकीचं नाही. तडजोड: पोरगी फक्त २२ तारखेला तळणीला येईल, संध्याकाळच्या आत घरी. बाकी दिवस 'आपल्याले काय भेटलं' विचारणारा अकरावीतला पोऱ्या सोबत. त्याच्या घरून कोणीच काही विचारलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार

काठीची रंगीत तालीम फसली.

कल्पना साधी. दरवर्षी २२ जानेवारीला दुपारी १:२५ वाजता तळणीच्या आकाशात सूर्य जवळजवळ तिथेच असतो जिथे तो १८९८ ला झाकला गेला. क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर. म्हणजे एक मीटरच्या काठीची सावली ९२.३ सेंटिमीटर पडायला हवी. ग्रहण नाही दाखवू शकत, पण ते कुठे लागलं होतं ती जागा बोटानं दाखवू शकतो.

आज घरामागे, मध्यान्हाला, बरोबर १२:१८ वाजता मोजलं. आजच्या हिशेबानं ९७ यायला हवे होते. आले १०३. पोऱ्या म्हणाला, सूर्य चुकला. मी चिडून तीनदा मोजलं, तीनदा १०३. शेजारचे गवंडीबाबा भिंतीवर हात टेकून बघत होते. ते उठले, घरातून ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन आले. काठीशी ओळंबा धरला: काठी कललेली. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना धरलं: अंगण नालीकडे उतरतं आहे. "तुमचा सूर्य बराबर हाय जी. आंगण तुमचं खोटं हाय." पाट ठेवून, खाली विटेच्या चिपा सारून बाबांनी बूड सपाट करून दिलं. दुसऱ्या दिवशी मध्यान्हाला ९७.

(बाबांना २२ तारखेचं आमंत्रण. दोन अटी: पुढच्या सीटवर बसणार, आणि रस्त्यात चहा साखरेचाच.)

११ जानेवारी २०२६, रविवार

तळणीत निरोप देऊन आलो. गावातली मंडळी खूश. लगेच ओट्याचा विषय निघाला: विजयदुर्गाला ओटा आहे तर आपल्यालाही पाहिजे, फरशी लावून. एकानं विचारलं, फरशीवर 'हेलियम' टाकता येईल काय? म्हटलं, नाही. "थोडंसं?" थोडंसंही नाही. जरा नाराजी झाली. जुनी जागा नेमकी कोणती, कुणाच्या शेतात, यावरही दोन गट पडायला लागले. मी सांगितलं की सावली दारव्ह्यापासून पुढे सगळ्या मुलखावर पडली होती, तेव्हा तळणीतलं कोणतंही शेत खरं. एकाच्या नावे करायचं कारण नाही.

१९ जानेवारी, सोमवार. दिग्रस

सकाळी सहाला निघालो. गाडीत थंडी, खिडकीची रबर गेलेली. शाळेत साठेक मुलं. दुर्बीण नावे करण्याचा प्रसंग रंगला. मग मी विचारलं, ग्रहण कोणी पाहिलंय? एक हात वर नाही. मागे पोषण आहाराच्या भांड्याजवळ एक आजी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "म्या पाह्यलं नाई, पन होतं. ऐंशी साली. दारं लावून बसलो होतो सारे. कोंबड्या खुराड्यात गेल्या, त्यायलेच कळलं." १६ फेब्रुवारी १९८०. आपल्याकडे ते खंडग्रास होतं.

सॅरोसचं सांगितलं. ग्रहणांची घराणी असतात. दर १८ वर्षं ११ दिवस ८ तासांनी त्याच घराण्यातलं पुढचं ग्रहण येतं, पण त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून ते भलतीकडेच दिसतं. तळणीचं १८९८ चं ग्रहण आणि ८ एप्रिल २०२४ ला मेक्सिको-अमेरिकेत दिसलेलं, दोन्ही एकाच घराण्यातली, क्रमांक १३९. सात पिढ्यांचं अंतर. तळणीला जेमतेम दोन मिनिटं अंधार होता, मेक्सिकोत साडेचारच्या जवळ. घराणं वाढतंय. याच घराण्यात १६ जुलै २१८६ ला साडेसात मिनिटांचं ग्रहण होणार आहे. एका पोरीनं लगेच विचारलं, कुठं? म्हटलं, दक्षिण अमेरिकेकडे. "मंग काय फायदा," म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार. दारव्हा

नॉर्वेतले ढग सांगायचे होते. आम्ही पोचलो आणि लाइट गेली. सीएफएल लागेना. मुलं समोर बसलेली, माझ्या हातात मेलेला दिवा. मेकॅनिकनं काहीही न बोलता ओम्नीची बॅटरी काढली, कुणाच्या तरी घरून इन्व्हर्टरचा डबा आणला, वायरी बांधल्या. अर्ध्या तासानं दिवा लागला. तोवर माझी गोष्ट बरोबर वादसोच्या ढगात येऊन थांबली होती, त्यामुळे मुलांना वाटलं हे सगळं ठरवूनच केलंय. मी खुलासा केला नाही.

डीव्हीडीचे तुकडे हातोहात फिरले. 'हिरवा भूत', 'निळा भूत' अशी नावं पडली. जाताना दोन तुकडे परत आले नाहीत. बरं झालं.

२१ जानेवारी, बुधवार. नेर

आजचा दिवस ॲनी माँडरचा. आयर्लंडची, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली. १८९१ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत 'लेडी कॉम्प्युटर' म्हणून लागली, पगार महिना चार पौंड. काम: हजारो वेध कागदावर सोडवणं, सूर्यावरच्या डागांचे फोटो मोजणं. १८९५ मध्ये लग्न झालं आणि त्या काळच्या नियमानं नोकरी सोडावी लागली. नवरा त्याच वेधशाळेत राहिला. दोन वर्षांनी ती तळणीला आली, स्वतः ठरवलेल्या छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्यासह. मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन आलेल्यांना जे मिळालं नाही ते हिला मिळालं: सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट बाहेरच्या वातावरणातून, निघालेला सुमारे एक कोटी किलोमीटर लांब झोत. लांब भिंगात आकाशाचा तुकडा छोटा मावतो आणि फिकट प्रकाश पातळ होतो, छोट्या भिंगात उलट. फिकट पसरट गोष्ट टिपायची तर साधन छोटंच लागतं, हे तिनं आधीच हेरलं होतं.

नववीतली एक मुलगी उठली. "सर, लग्न झालं म्हनून नोकरी सोडली, मंग तिचं नाव फोटोवर कसं आलं?" मी म्हटलं, आलं, कारण फोटो तिनंच काढला होता. मुलगी बसली नाही. "नाई म्हंजे, त्यायनं येऊ देलं?" माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तासाची बेल झाली.

दुपारी रेडिएटरचा पाइप फुटला, तासभर गेला. नेरमध्ये एका घरी तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर. रात्री परत धामणगाव.

२२ जानेवारी, गुरुवार. तळणी

साडेदहाला सगळे जमलो. गवंडीबाबा पुढच्या सीटवर, मांडीवर ओळंबा. गणितवाली आईसह आली. आईनं डबा आणला आणि 'मी फक्त पाहून जाते' म्हणत शेवटपर्यंत थांबली.

शेत स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर. पऱ्हाटीची तिसरी वेचणी चालू, धुऱ्यावर तुरीच्या पेंढ्या उभ्या. एका तासाची जागा मिळाली, तीही वेचणाऱ्या बाया ज्या ओळीत नव्हत्या तिथली. गावातले चाळीसेक लोक, शाळेतली पोरं, एक बकरी.

बाबांनी सव्वाबारापासून बूड सपाट करायला घेतलं. जुन्या दाराचं फळकूट, खाली ढेकळं, नळीतलं पाणी. मध्ये एक मीटरची लोखंडी सळई, चारही बाजूंनी ओळंब्यानं तपासलेली. मग नवीच भानगड. सावलीचं टोक ठरेचना. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून सावलीची कडा दीड-पावणेदोन सेंटिमीटरभर पुसट असते. कुणी म्हणे इथे संपली, कुणी म्हणे तिथे. गणितवालीनं दप्तरातून पत्र्याची चकती काढली, मध्ये खिळ्यानं पाडलेलं भोक. चकती सळईच्या टोकाला, भोक बरोबर एक मीटरवर. फळकुटावर सावलीच्या मधोमध उजेडाचा एक लंबगोल ठिपका उमटला, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. "हा सूर्य हाय," ती पोरांना म्हणाली. "ह्याचा मधला बिंदू धरा." लहान पोरं गुडघ्यावर बसून फळकुटाकडे बघत राहिली. ठिपका सरकत होता. एवढ्या जवळून तो सरकताना दिसतो, हे मी आजवर कोणाला दाखवलं नव्हतं.

वेचणीतली एक बाई ओटी तशीच बांधलेली घेऊन आली. "काय मोजून राह्यले जी?" सांगितलं की इथे सव्वाशे वर्षांपूर्वी भरदुपारी रात्र झाली होती आणि गोरे लोक फोटो काढायला आले होते. ती म्हणाली, "तवाच्या वेचणीतच ना? जानेवारी म्हंजे वेचणीच. मंग बायायची रोजी कापली असन त्या टायमाची." चाळीस लोकांत हा प्रश्न तिलाच पडला.

१:२५. पोऱ्यानं मोठ्यानं आकडे म्हटले, गणितवालीनं पेन्सिलची खूण केली, बाबांनी टेप धरला. ९२.५. हिशेबात ९२.३. दोन मिलिमीटर कुठे गेले यावर बाबा आणि गणितवाली यांच्यात अजून बोलणं चालू आहे.

मग मी एव्हरशेडच्या प्लेटचं सांगितलं. हायड्रोजनच्या रेषा ६५६.३, ४८६.१, ४३४.०, ४१०.२ नॅनोमीटर अशा उतरत जातात, एकमेकींच्या जवळजवळ सरकत, आणि ३६४.६ ला सगळ्या दाटतात. डोळ्याला तो भाग दिसत नाही, अतिनील आहे. एव्हरशेडच्या प्लेटवर तो आला. आणि ३६४.६ च्या पलीकडे, जिथे एकही रेषा नाही, तिथे फिकट सलग उजेड पसरलेला होता. इलेक्ट्रॉन सापडून तेव्हा वर्षच झालं होतं, नील्स बोरचा अणूचा नमुना यायला अजून पंधरा वर्षं होती. हा उजेड कशाचा, हे सांगणारं शास्त्रच तयार नव्हतं.

पोऱ्यानं ते मला न विचारता गावाला समजावलं, तेच लिहून ठेवतो. "पायऱ्याची विहीर असते नं. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उडी मारली का एक आवाज, चौथीवरून मारली का दुसरा. पायऱ्या ठरलेल्या, मंग आवाज बी ठरलेले. त्या झाल्या रेषा. पन एखादा पोट्टा विहिरीच्या बाहेरून पळत येऊन सरळ दुसऱ्या पायरीवर पडला तं? तो किती जोरात पळत आला ते काई ठरेल नाई. म्हनून कोनताही आवाज. तो सलग उजेड." बाहेरून पळत येणारा म्हणजे मोकळा इलेक्ट्रॉन. बावीस वर्षांत हे मला सुचलं नाही. पुढच्या वर्षीपासून विहीरच वापरणार.

ओट्याचा विषय पुन्हा निघालाच. शेवटी गावातल्या पेंटरला बोलावलं, शाळेच्या भिंतीवर लिहायचं ठरलं. मजकुरावर पाऊण तास. पेंटर म्हणाला, भिंत चार फुटांची आहे, पोथी नका लिहू. हेलियम निघालं, राजज्योतिषी निघाले, माझं नाव घालायला निघाले होते तेही निघालं. राहिलं ते एवढं:

२२ जानेवारी १८९८, खग्रास सूर्यग्रहण. जॉन एव्हरशेड, ॲनी माँडर. दरवर्षी याच दिवशी दुपारी १:२५ ला एक मीटर काठीची सावली ९२ ते ९३ सेंमी. मोजून पाहा.

'मोजून पाहा' पेंटरनं स्वतःहून लाल रंगात केलं.

२३ जानेवारी, शुक्रवार. पुलगाव

थोडक्यात. वर्धेचा पूल ओलांडला. न्यूऑल आणि हिल्सबद्दल दोन वाक्यं, मग कोडाईकनाल. जानेवारी १९०९ मध्ये एव्हरशेडला दिसलं की सौरडागाच्या कडेच्या फिकट पट्ट्यातल्या रेषा किंचित सरकलेल्या आहेत, एका बाजूला लालकडे, दुसऱ्या बाजूला निळीकडे. म्हणजे वायू डागातून बाहेरच्या दिशेला वाहतो आहे, सेकंदाला साधारण दोन किलोमीटर. हाच एव्हरशेड परिणाम. डॉप्लर परिणाम, म्हणजे उगम जवळ येताना आणि दूर जाताना लाटेत पडणारा फरक, समजावायला काही करावं लागलं नाही. शाळा रुळांजवळ आहे, मालगाडीनं हॉर्न दिला, येताना बारीक, जाताना जाड. मी नुसतं बोट वर केलं.

१९११ ला तो तिथला संचालक झाला, १९२३ ला निवृत्त होऊन इंग्लंडला परतला, १९५६ ला वारला. कोडाईकनालची वेधशाळा आता ज्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे, तिनंच आदित्य-एल१ या सूर्य बघणाऱ्या भारतीय यानावरचा प्रभामंडल टिपणारा कॅमेरा बनवला. त्यात सूर्याच्या थाळीचा उजेड यंत्राच्या आतच बाजूला काढला जातो, चंद्राची वाट बघावी लागत नाही.

मीटरवर एकूण ५१२ किलोमीटर. पेट्रोल, पाइप, चहा मिळून ५,८४०. सीएफएल पानठेल्यावर परत दिला. त्यानं वरच्या फळीवर न ठेवता दर्शनी टांगला आणि डीव्हीडीचा एक तुकडा मागून घेतला.

२४ जानेवारी, शनिवार

दुपारी दोनला तळणीहून फोन. सहावीतला मुलगा, घरच्या मोबाइलवरून. फळकूट अजून शेतातच होतं, त्यानं सळई उभी करून एक पंचवीसला मोजलं होतं.

"सर, भिंतीवर तं ब्यान्नव लिवलंय. माही एक्क्यान्नवच भरली. सळई खाली रुतली काय?"

विचारलं, ओळंबा लावला होता?

"लावला नं जी. बाबायनंच लावून देला."

म्हटलं, मग सळई रुतलेली नाही. उद्या पुन्हा मोज, परवा पुन्हा मोज, आणि रोजचा आकडा लिहून ठेव. पुढच्या रविवारी मी येतो.